धुतलेली वाकळ

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. नळाला पाणी लवकर आले. गॅसचा सिलिंडर मिळाला. फलकने मागच्या दगडावर वाकळ धुतली. चित्रपटाच्या बाई परसात येऊन ओरडून गेल्या. शूटिंगच्या गर्दीमुळे औषधे आणायची राहिली.

माळीवाडा स्टँडमागे राहणाऱ्या विजयमालाबाईंच्या रोजनिशीत फलकचे नाव असे अधूनमधून येते. ही फलक श्रीगोंद्याकडची. बाप बाबाजान पिंजारी. कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरायचा. फोमच्या गाद्या आल्या आणि धनुकली खुंटीला लागली. पाठोपाठ बापही गेला. चुलत्याने, अमजदने, खोलीला आपले कुलूप घातले आणि पोरीला सांगितले, "नगरला जा. तिथं लई कामं हायेत." तेव्हापासून गाद्या भरणाऱ्याची ही मुलगी माळीवाडा स्टँडजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपते. आता एकोणीस वर्षांची आहे. पहाटे विजयमालाबाईंच्या परसातल्या नळावर अंघोळ करते, बदल्यात अंगण झाडते, आणि केसांना तेल लावून, घट्ट वेणी घालून साळूबाईच्या खानावळीत वाढायला जाते.

साळूबाईने तिला शब्द दिला होता, "अशीच नीटनेटकी ऱ्हा. येत्या एक तारखेपासनं माडीवर झोपायला ये." माडीच्या दाराला आतून लावायची कडी होती. फलक येता-जाता त्या कडीकडे बघायची.

अशात मुंबईहून चित्रपटवाले आले. शहरात रस्त्यावर राहणाऱ्या तरुण पोरांची कहाणी म्हणे. त्यासाठी त्यांनी स्टँडसमोर खोटा फूटपाथ बांधला. खरा फूटपाथ समोरच होता, पण तो त्यांना पुरेसा वाईट दिसत नव्हता. बघायला अर्धे नगर लोटले. फलक जवळून गेली की ज्या बायका पदर आवरायच्या, त्याच आता लेकरांना खांद्यावर घेऊन काजळी फासलेल्या हिरोसोबत फोटो काढू लागल्या.

कपडेपट सांभाळणाऱ्या निकिता मॅडम. नवे कोरे शर्ट चहाच्या पाण्यात उकळायचे, ब्लेडने फाडायचे, मग भोकांना राख चोळायची, हे त्यांचे शिक्षण. सोमवारी त्यांना पायरीवरची वाकळ दिसली आणि बाईंचा जीव तिच्यावर जडला.

"किती खरी आहे गं ही! उद्या देशील? आणि तूही ये. हिरोच्या मागे बसायचं, बस्स."

फलकला कोण आनंद! पण बाबाजानने लेकीला एक गोष्ट पक्की शिकवली होती. अंथरूण दुसऱ्याला द्यायचे, तर धुऊन, उन्हात घालून. मंगळवारी उजाडायच्या आत ती विजयमालाबाईंच्या परसात वाकळ घेऊन बसली. वाकळ धुणे म्हणजे म्हैस धुण्यापैकीच. सोडा टाकला, पायांनी तुडवली, धोपटण्याने बडवली. काळ्या पाण्याचा ओघळ गटाराला जाऊन मिळाला आणि जुन्या लुगड्यांचे हिरवे, जांभळे तुकडे पुन्हा दिसू लागले.

पत्ता विचारत निकिता मॅडम आल्या आणि परसाच्या दारातच थबकल्या.

"हे काय केलंस तू?"

"धुतली, मॅडम. दुसऱ्याच्या अंगावर जायाची, मळकी कशी द्यावी?"

"अगं, मळकीच हवी होती! इतक्या वर्षांचा मळ! तो असा बनवता येत नाही, कळतंय का तुला?"

विजयमालाबाई खिडकीतून म्हणाल्या, "मळ आत्ताच त्या गटाराने गेलाय, बाई. पाय उचला, अजून गाठाल."

निकिताने फलकच्या तेल लावलेल्या वेणीकडे पाहिले. "तूही राहू दे. तू बेघर वाटत नाहीस."

दुपारी चित्रपटवाल्यांचे जेवण साळूबाईकडेच असे. रोजची मोठी ऑर्डर होती ती. हिरो चार साथीदारांसह आला, नखशिखांत काजळलेला. दारात फलक उभी होती.

"दादा, हातपाय धुऊन या. नळ तिकडं हाय."

"मेकअप आहे हा! धुतला तर पुन्हा सगळा करावा लागेल."

"आसंल. पन काजळी पाटाला लागती."

निकिता धावत आली. "साळूबाई, या मुलीला आवरा. नाहीतर उद्यापासून ऑर्डर बंद!"

फलकने भाकऱ्यांची दुरडी छातीशी धरली. जिन्याच्या वर माडीची कडी दिसत होती. "या, बसा" एवढे म्हटले असते तर सगळे निभावले असते. तिच्या तोंडून ते निघेना.

साळूबाई चुलीपासून उठून आली. हिरोला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "ह्यो कोन?"

"हिरो आहेत आमचे."

"मंग हिरोला पान्याचं वावडं हाय का?"

कोपऱ्यातून हनुमंत हमाल ओरडला, "आमी मिरचीची पोती टाकून आलो तरी पोरगी धुवाया लावती, मावशे. ह्येंला काय सूट?"

"कुनाला सूट न्हाई," साळूबाई म्हणाली. "ऑर्डर बंद करायची तर करा. आत बसायचं तर धुवा. न्हाईतर ताटं देते, भाईर बसा."

शेवटी ते खऱ्या फूटपाथवर ताटे मांडीवर घेऊन बसले. पारनेरहून दवाखान्यात आलेली एक म्हातारी तिथून चालली होती. तिने हिरोसमोर केळे ठेवले. "खा रं बाबा. कुनाचं लेकरू हाय, कुनास ठावं."

हिरो लालबुंद झाला. निकिता मात्र हरखली. "आजी, कॅमेरा आणते. परत एकदा ठेवाल?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिले, केळे उचलले आणि ती चालू लागली.

चारच्या सुमाराला ऑर्डर बंद झाल्याचा निरोप आला. फलक खाली मान घालून ताटे घासत होती. साळूबाई जवळ येऊन उभी राहिली.

"एक तारीख कशाला पायजे? आजच ये माडीवर. अंथरून हाय का?"

"वल्लं हाय, मावशी."

"मंग माग त्या तुझ्या बाईंकडं."

त्या संध्याकाळी विजयमालाबाईंनी सकाळच्या नोंदीखाली लिहिले: वाकळ अजून ओलीच. फलकला कपाटातली जुनी सोलापुरी चादर दिली. धुण्याचा सोडा संपला.