सभागृह सुटलं नाही ते सुटलंच नाही

आमदारकी संपली की माणूस सभागृहातून बाहेर पडतो. पण ज्याच्यातून सभागृहच बाहेर पडलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नव्वदच्या दशकात ते एकदा विधान परिषदेवर गेले आणि मुदत संपल्यावर बोरी बुद्रुकला परतले तरी घरात सभापतीच राहिले. घरात वांग्याची भाजी करायची की पिठलं, हेही मताला टाकलं जाई. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," असं मामा गंभीरपणे म्हणत. सगळे घाबरून होय म्हणत. मग "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे" झालं की स्वयंपाकघरातून एकच आवाज येई, "नाय!"

तो आवाज मावशींचा. मामांच्या या थोरल्या बहिणीला तरुणपणीच वैधव्य आलं आणि त्या माहेरी आल्या. वडिलांनी विहिरीजवळची एक पट्टी त्यांच्या नावावर करून दिली होती. तिथे त्या स्वतः कांदा लावत आणि भावाला एक पातसुद्धा उपटू देत नसत. विरोधी पक्ष म्हणून मामांना त्या मनापासून आवडत, आणि त्यांना हरवायलाही आवडे.

मामांना कॉम्प्युटरचं भारी वेड. स्वतः त्यांनी त्याच्या बटणाला कधी बोट लावलं नाही, पण सातबारा कॉम्प्युटरवर आला पाहिजे म्हणून सभागृहात घसा कोरडा केला. तलाठ्यांच्या खाडाखोडीवर त्यांचा राग होता. एकदा नोंद आत गेली की तिला कुणाचं पेन लागता कामा नये, ही त्यांची मागणी. त्या भाषणाची रंगीत तालीम आमच्यासमोरच झाली आणि अर्थातच मत घेतलं गेलं.

"नाय," मावशी दारात येऊन म्हणाल्या. "बापू, तलाठी चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. त्या यंत्राशी कोन भांडनार?"

"होयचे बहुमत. ठराव संमत," मामांनी जाहीर केलं, आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढे नियम तसाच झाला. त्यात मामांचा वाटा किती होता देव जाणे, पण श्रेय सगळं त्यांनीच घेतलं. तालुक्याच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा हळदकुंकू लावून हात जोडताना ते त्यालाच "सभापती महोदय" म्हणाल्याचं सांगतात.

त्या कॉम्प्युटरमधून निघालेल्या उताऱ्यावर मावशींचं नाव नव्हतं. टाइप करताना गळलं होतं. मामा जुना उतारा घेऊन जुन्नरच्या त्याच कचेरीत गेले आणि इथेच पेनानं लिहून द्या म्हणाले. कारकून बिचारा उठून उभा राहिला. "साहेब, आता पेन लावता येत नाही. सुनावणी लागंल."

मग तारखा पडत गेल्या. कधी वीज नसे, कधी साहेब दौऱ्यावर असत. मावशी डब्यात भाकरी घेऊन मामांबरोबर कचेरीच्या बाकावर बसत. त्यांना पैसा नको होता, जमीन विकायची नव्हती. "माजी पट्टी माज्या नावावर बगून डोळं मिटू दे," एवढंच त्या म्हणत. मी एकदा सोबत गेलो होतो. शेजारच्या बाईला त्या अभिमानानं सांगत होत्या, "आमच्या बापूनंच केलाय हा कायदा. लई हुशार हाय." मामा खाली बघत बसले होते. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

मावशी कांदे काढणीच्या दिवसांत गेल्या. नाव लागलं ते त्यानंतर, ठळक आणि बिनचूक. आता ते काढायला पुन्हा सुनावणी.

पुढच्या हंगामात आम्ही बोरीला गेलो तेव्हा मामांनी सवयीनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. विहिरीजवळच्या पट्टीत यंदा कांदा लावावा, असा ठराव होता. आम्ही होय म्हणालो.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे," मामा म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले. आत कुकरची शिट्टी झाली. ते थांबूनच राहिले.

"ठराव राखून ठेवू," शेवटी ते हळूच म्हणाले.

ती पट्टी अजून पडीक आहे.