हुंकार सर

आमच्या संगणकाच्या सरांशी बोलताना श्वास घ्यायची सोय नसे. "सर, काल मी..." "हं." "हिंगोलीच्या स्टँडवर..." "हं, हं." त्यात माणूस एका जागी बसेल तर शपथ. मागं हात बांधून नुसत्या येरझाऱ्या. पोरं त्यांना हुंकार सर म्हणत आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

"आमच्या गावी, डोंगरकड्याला, माझी माय गोष्ट सांगायची," ते म्हणत. "आमी हुंकार द्यायचं सोडलं की तिची गोष्ट बंद. राजा तसाच नदीत ऱ्हायचा!"

त्यांच्याकडेच शिकून मी एका आडत्याच्या दुकानासाठी हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढणारा प्रोग्राम लिहिला. तो एका छोट्या प्रोग्रामला हिशेब करायला लावी आणि त्याचं उरकेपर्यंत गप्प थांबे. माल कमी असला की सगळं सुतासारखं सरळ चाले. ऐन गर्दीच्या दिवशी मात्र गोठला. चूक दाखवीना, पुढं सरकेना. पट्टीसाठी खोळंबलेले शेतकरी माझ्या नावानं शंख करू लागले. शेवटी सरांना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्याच, पाय हलवत कोड वाचला.

"काहून थांबलास रे? लेकराला कामाला लावलं अन् म्हनतोस, सगळं आटप, मंग ऐकतो! त्यानं बोलून बोलून तुमच्या दोघांमधली बोलणं साठवायची जागा भरली. आता ते तुझी वाट पाहून राहिलं अन् तू त्याची. हुंकार दे की!"

छोटा प्रोग्राम बोलेल तसतसं ऐकत जायचं, एवढाच बदल केला. पट्ट्या धडाधड निघाल्या.

गेल्या महिन्यात सरांना लकवा झाला. भेटायला गेलो तर दारात गाडी उभी, मुलगा त्यांना पुण्याला न्यायच्या गडबडीत. सर खाटेवर पडलेले, पण चादरीखाली एक पाय अजून हलत होता. सकाळपासून त्यांना काहीतरी सांगायचं होतं. "मला..." म्हणत आणि अडकत. बॅग हातात घेऊन मुलगा म्हणे, "बाबा, पूर्ण बोला, म्हणजे कळंल." मग सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत गप्प. मी खाटेवर टेकलो.

"मला..."

"हं," मी म्हणालो.

"पुन्याला..."

"हं."

"न्हाई..."

मी दारात उभ्या मुलाकडे वळून पाहिलं. सर माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दारातून मुलाचा आवाज आला, "हं."

"जायचं," सर म्हणाले.

मुलानं बॅग खाली ठेवली, त्यांच्या पायाशी येऊन बसला.

"हं, बाबा. अजून बोला."