राखेतला जोड आणि रामटेकचं तीर्थ

नवस मी पुष्कळ बोलले आहे, आणि बहुतेक फेडलेही. पण एका नवसापायी मी आमचं दुकान जवळजवळ बंद पाडलं. हसणार असाल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपुरात आमच्या घरापुढच्या पडवीत ह्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, सायकलींचे दांडे, असलंच काम. एक दिवस एका कापसाच्या जिनिंगचा मिस्त्री तुटक्या शाफ्टचे काही तुकडे घेऊन आला. म्हणाला, "एक जोडून दाखवा. ठोकल्यावर वाकला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. जमलं तर हंगामभराचं काम तुमचं."

नाही जमलं तर दुकान आवरून हिंगण्याला कुणाच्या तरी हाताखाली हेल्परी, हे ह्यांनी मला जेवताना शांतपणे सांगितलं. मी तिथेच बोलले, "रामराया, जोड टिकू दे, तुझा रामटेकचा गड अनवाणी चढेन."

पहिला तुकडा ह्यांनी विजेच्या वेल्डिंगने जोडला आणि गरम असतानाच चुलीच्या राखेने भरलेल्या बादलीत पुरला. "अवं, ह्याले हात लावू नको. हळूहळू निवू दे," म्हणाले आणि आंघोळीला गेले. आंघोळीशिवाय जेवायचं नाही, हा नियम माझाच.

आता मला सांगा, घरातलं एवढं शुभकार्य, आणि ते राखेत पडलेलं कसं बघवेल? मी सांडशीने तुकडा बाहेर काढला. हात लावला नाही, हे ध्यानात घ्या. तुळशीपाशी ठेवून त्यावर रामटेकच्या तीर्थाची ओंजळ सोडली. छान चर्र झालं. मला वाटलं, देव हो म्हणाला. पुसून पुन्हा राखेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तो पकडीत आवळून हातोडा मारला. चार ठोक्यांत तुटला. तोही जोडावर नाही, जोडाला लागून.

"जोड शाबूत, अन् बाजूचं पोलाद काहून तुटलं?" हे त्या तुकड्यालाच विचारत राहिले.

उत्तर माझ्याजवळ होतं. तीर्थ कमी पडलं.

पुढच्या खेपेला ह्यांनी पद्धत बदलली, गॅसच्या ज्योतीवर जोडला. मी तीर्थाचा अर्धा गडू ओतला. तो दोन ठोक्यांत गेला. मग इतवारीतून वेल्डिंगच्या भारी कांड्या आणल्या, माझ्या तव्यावर वाळवल्या, त्यांनी जोडला. मी सगळा गडू रिकामा केला. तो एकाच ठोक्यात काचेच्या बरणीसारखा फुटला.

"शेवटचे दोन दिवस देतो भाऊ, मंग दुसरीकडे जातो," मिस्त्री म्हणाला.

हे स्वतःच्या पंजांकडे बघत बसले. "हात गेला वं माझा." मला फार वाईट वाटलं. रामटेकहून आणखी तीर्थ मागवायचं मी मनाशी ठरवलं.

ह्यांचे उस्ताद इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. तुटके तुकडे घेऊन हे त्यांच्याकडे निघाले, वाटेत देऊळ म्हणून मीही गेले. चाचांनी तुकडा कापून, घासून, दाणे दिसावेत म्हणून औषध लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मलाही बघायला लावलं. जोडापासून दूर पोलादाचे दाणे रव्यासारखे, गोल, सुखी. जोडाशेजारी मात्र नुसत्या सुया, एकीत एक घुसलेल्या.

"जोडात खोट नाही," चाचा म्हणाले. "गरम पोलाद झटकन थंड झालं की असं होते. कडक होते, पण वाकत नाही. पाण्यात बुडवला का?"

"नाही चाचा, राखेत ठेवला होता."

"मंग राखेत नदी आली का गा?"

मी पदर सारखा केला. म्हटलं, "हात नाही लावला मी. सांडशीनं धरला, आणि वरून नुसतं तीर्थ सोडलं."

दोघेही माझ्याकडे वळले. चाचांनी चष्मा काढून पुसला. "बेटी, पहिल्यांदा किती टाकलं?"

"ओंजळभर."

"अन् शेवटी?"

"अख्खा गडू."

"बराबर," चाचा म्हणाले. "त्याच मापानं तुटला."

घरी आल्यावर दारात चपला काढताना ह्यांनी विचारलं, "चर्र झालं तवा तुले काय वाटलं?"

"देव हो म्हणाला."

"तो नको म्हणून राहिला होता."

चौथा तुकडा राखेत पुरून हे आंघोळीला गेले, ते तीर्थाचा गडू बगलेत मारून. सांडशीही घेऊन गेले. मी ओट्यावर जपमाळ घेऊन बसले, एकशे आठ वेळा राखेकडे बघितलं आणि उठले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री ठोकून ठोकून घामाघूम झाला. तुकडा वाकून नालासारखा झाला, पण तुटला नाही.

मी गड अनवाणी चढले. नवस तो नवस. वर पुजाऱ्यांनी तीर्थ द्यायला पळी उचलली, तर हे दोन पावलं मागे सरले. खिशात तो वाकलेला तुकडा होता. थंड होऊन आठवडा झाला होता, तरी.

तिथेच मी दुसरा नवस बोलले, तो आजवर पाळते आहे. तुम्हीही बोलून ठेवा बायांनो. घरातल्या माणसाने काही निवायला ठेवलं असेल, तर ते निवेपर्यंत आपली भक्ती आपल्याच गडूत ठेवावी.