लेकीच्या घरचं पाणी

सातवा महिना लागला आणि अप्पा मला माहेरी न्यायला आले. लातूरहून रात्रभर एसटीनं, मग भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं, थेट आमच्या मोरा बंदरावर. मी जेटीवर उभी. बघते तर काय, कपाळाला विभूती, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि खांद्यावर गोडेतेलाचा पत्र्याचा डबा! मला वाटलं, बापानं दुकानातलं तेल आणलं लेकीसाठी. कसलं तेल न् कसलं काय! डब्यात पाणी होतं. रेणापूरचं, टँकरपुढं रेटारेटी करून भरलेलं पाणी. तिकडं विहिरींनी तळ दाखवलेला, आणि हा माणूस तिथलं पाणी समुद्रावरून घेऊन आला होता. लाँचचे खलाशी पोट धरून हसत होते. मलाही हसू आवरेना.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. खायला दशम्या न् शेंगाची चटणी बांधून घेता येते. पाण्याचं काय करणार? म्हणून तो डबा, चिंचेनं घासघासून धुतलेला, तरी तेलाचा वास मारणारा.

मला जायचं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण माझी आई तिकडं एकेका घागरीसाठी शिवार पालथं घालत होती. त्यात माझं न्हाणं, बाळाचं न्हाणं, लंगोट, दुपटी! बाई मोडून पडली असती. आणि खरं सांगायचं तर या बंदरानं मला पार येडं केलं होतं. लाँचचा भोंगा वाजला की मी हातातलं लाटणं घेऊन खिडकीत. खारं वारं, पलीकडं मुंबईचे दिवे, आणि घरात नळ! नवरा धक्क्यावर कामाला गेला की मी उगाच तोटी सोडून धार बघत बसायची.

"अप्पा, तिकडं पाणी न्हाई. मी इथंच राहते, आईला इकडं पाठवा."

"येडी का खुळी? लोक तोंडात शेण घालतील! आन् आता जिल्हा झालाय आपला. कलेक्टर हाय, मोठा दवाखाना होऊन राहिला. उस्मानाबादचे हेलपाटे संपले."

"आणि नळाला पाणी?"

"ते बी येईल की. आधी जिल्ह्याच्या पाट्या तर बदलू दे!"

दुपारी ते समुद्र बघायला गेले आणि धापा टाकत परत आले. "चल, सामान बांध! हितलं बी आटलं! निस्ता गाळ हाय!" ओहोटी होती हो. दुष्काळातल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा ओहोटी बघितली, दुसरं काय सुचणार त्याला! शेजारची कोळीण मावशी दारात बोंबील वाळत घालत होती, तिची हसून मुरकुंडी वळली. "अवो बाबा, संध्याकाली येल परत!" आला की समुद्र परत, जेटीपर्यंत. अप्पांना पटलं नाही. रोज जाऊन येणाऱ्या पाण्याचा काय भरवसा, म्हणाले.

उद्या निघायचं ठरलं. पण सकाळी वारं असं सुटलं, की लाँच बंद. मी मनातल्या मनात फुगडी घातली. डब्यात घोटभरच पाणी उरलेलं. तेही संपलं, तेव्हा अप्पा तडक जेटीवर गेले. समुद्र काही लेकीच्या मालकीचा नव्हता. एक ओंजळ तोंडात घेतली मात्र, चेहरा असा झाला की कारलंही लाजावं! थू थू करत आले.

मावशीनं तांब्या पुढं केला. "माजं घ्या. मी काय तुमची पोर नाय." अप्पांनी तांब्याकडं बघितलं, मग दोरीवरच्या बोंबलांकडं. "शिवशिव!"

"अवो, पान्याला काटं नसतात!"

तरी नाही. ओठ सुकलेले, पण हट्ट तसाच. मला आता हसू येईना. बाप माझ्या घरात, माझ्या नळाशेजारी तहानलेला बसलाय, हे बघून जीव नुसता तळमळत होता.

तेवढ्यात चाळीची टाकी भरून वाहायला लागली. पन्हळीतून धो धो पाणी गटारात. रोजचंच होतं, आम्ही कुणी मान वर करूनही बघत नव्हतो. अप्पा मात्र ताडकन उठले. बादली, हंडा, पातेली, ताट, माझ्या पोह्यांचा डबासुद्धा रिकामा करून भरला. धोतर चिंब, टोपी वाकडी. सगळं भरलं तरी पाणी वाहतच राहिलं. मग ते हात पाण्याखाली धरून तसेच उभे राहिले. "तिकडं तुझी माय वाटीवाटीनं भरून राहिली गं," म्हणाले, आणि डोळे पुसले.

मग माझ्यापुढं आले, टोपी काढली, हात जोडले. मला नाही, माझ्या पोटाला!

"मालक, ह्ये घर आता तुमचं. नातवाच्या घरचं प्यायला रीत आडवी येत न्हाई. घिऊ का?"

"हाव म्हणतंय," मी म्हणाले. मला हसू न् रडू एकदमच आलं.

तांब्यावर तांब्या घटाघटा प्याले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं, तरी थांबेनात.

वारं पडलं तशी लाँच सुटली. अप्पा एकटेच चढले. मी ओरडून विचारलं, "आईला कधी आणता?"

"गेलो की लगेच!" ते तिकडून ओरडले. "तिला बी एकदा पोटभर पिऊ दे!"