ढाब्यावर नेलेली भाकरी

टोकावड्याहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुकं उतरलं की आधी ढाबे नाहीसे होतात, मग झाडं, आणि शेवटी आपण तरी इथे आहोत का, अशी शंका येऊ लागते. संघरत्नाबाई भालेराव यांचा भाताचा तुकडा अशाच धुक्यात, कुंडलिकच्या ढाब्यामागे, ओढ्याला लागून आहे. लांबून पाहिलं तर खाचरात बगळे उतरल्यासारखे वाटतात. जवळ गेलं तरी ते उडत नाहीत, कारण त्या थर्माकोलच्या ताटल्या असतात.

पावसाळ्यात शहरातली माणसं घाट बघायला येतात. निसर्गावर त्यांचं फार प्रेम. ती जेवून उठली की ताटल्या ढाब्याच्या मागे पडतात, आणि ओढा फुगला की बाईंच्या शेतात येतात. बाईंनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लहान मुलांनी सांडलेलं उचलण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर मोठ्यांनी सांडलेलं उचलत होत्या, एवढाच फरक.

मुलगा इंद्रजीत कल्याणला नोकरीला. त्याने फार्महाऊसवालं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

"आये, भातापरीस थर्माकोल जास्ती पिकतोय. येत्या पावसात असंच झालं तर इकून टाकू."

बाई ताटल्या गोळा करत राहिल्या. सातबाऱ्यावर नाव लागलेली त्यांची घराण्यातली दुसरीच पिढी होती.

उपाय सुनेने, मेघाने, सांगितला. परदेशात म्हणे लोक घाण करणाऱ्या दुकानावर बहिष्कार घालत नाहीत. उलट सगळे मिळून तिथेच खरेदीला जातात. अट एकच, त्या कमाईतून मालकाने आपली घाण थांबवायची. बाईंना हसू आलं. बहिष्कार त्यांच्या घराला नवा नव्हता, फक्त तो घालायची पाळी कधी आली नव्हती. पण सगळ्यांनी मिळून कुणाच्या तरी दारात जेवायला जायचं, हे त्यांना पहाटेच्या स्वप्नासारखं वाटलं. त्या दुसऱ्याच दिवशी ढाब्यावर गेल्या.

"मावशी, तुमची आख्खी वस्ती माझ्याकडं जेवणार?" कुंडलिकने विचारलं.

"वस्ती, आन गावातल्या बचत गटाच्या बायापन. त्या दिवसाच्या गल्ल्यातून तू स्टीलची ताटं घ्यायची."

"आन कोन आलंच नाय तं?"

"तं मग तुझा वढा नि तुझ्या ताटल्या, कुंडलिकशेठ."

शेठ म्हटल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही.

भात झोडून झालं होतं. ठरलेल्या रविवारी कुंडलिकने पहाटेच तंदूर पेटवला, पीठ मळून ठेवलं. धुक्यातून आधी कुजबुज आली, मग बांगड्यांचा आवाज, मग लुगड्यांचे रंग. वस्ती आली, गावातल्या बाया आल्या. कधी एका पंगतीला न बसलेली माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली. कुंडलिकला भरून आलं. मग सगळ्यांनी मांडीवरची फडकी सोडली.

फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या.

घराबाहेर पडताना भाकरी बांधून घ्यायची, ही इथली रीत. दवाखाना असो, कोर्ट असो. जेवायलाच चाललो आहोत, हे हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

"नुस्ता रस्सा दे रे," गावातली कमळाबाई म्हणाली.

"आन कांदा," वस्तीतली ठमी म्हणाली. "कांद्याचं पैसं लावू नको."

"अगो, तंदूर पेटवलाय मी! रोटी कोन खाणार?"

"तुझी रोटी चामड्यासारखी. ही बघ भाकर, कापसावानी."

बोलता बोलता कमळाबाईने ठमीच्या भाकरीचा तुकडा मोडला. मोडल्यावर दोघी क्षणभर त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग कमळाबाईने तो रश्शात बुडवला. बाहेर धुकं हलत नव्हतं. आतली माणसं सावकाश जेवत होती, जणू पुढे कुणाला काहीच काम नव्हतं.

दुपारी कुंडलिकने गल्ला उघडून दाखवला. "गर्दी आली मावशी, धंदा नाय आला. ह्यात अर्धीच ताटं येतील."

"मग अर्धीच आण." बाईंनी आपल्या फडक्यातली उरलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. "सकाळपासून काय खाल्लं नाय तू."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्याच खाल्ली.

अर्धी ताटं आली. कुंडलिकने शब्द पाळला, म्हणजे अर्धा पाळला. पावसाळ्यात आधी आलेल्या गिऱ्हाइकांना स्टील मिळालं, उशिरा आलेल्यांना थर्माकोल.

श्रावणात इंद्रजीत शेत बघायला आला. पाऊस थांबला होता, डोंगर ढगात होते. ओढ्याकडची खाचरं अजून ताटल्यांनी पांढरी होती. बांधाकडची मात्र हिरवीगार, वाऱ्याने एकीकडे झुकलेली.

"आये, अर्धी घाण येतेच की अजून."

"मग अर्धंच इक," बाई म्हणाल्या. "कोणचं अर्धं, ते सांग."

त्याच्या खिशात फोन वाजत होता, फार्महाऊसवाल्याचा. इंद्रजीत बांधावर उभा राहिला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. फोन वाजून वाजून बंद झाला. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पांढऱ्या बाजूला उतरला.