फुकटची हवा
तळेघरच्या शाळेत बदली झाली तेव्हा वडिलांची जुनी मोटार मी घोडेगावला घेऊन आले. वरती जाणाऱ्या एसटी मोजक्याच, एक चुकली की पायपीट. गाडी कार्बोरेटरच्या जमान्यातली, तरी चढ छान घ्यायची. गेल्या हिवाळ्यात मात्र ती बिघडली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. एकदा डिंभ्याच्या वळणावर रस्त्याच्या मधोमधच थांबली. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं उतरून ढकलली, तेव्हा कडेला लागली.

मंचरच्या एका गॅरेजवाल्यानं आधी कॉम्प्युटर जोडायला जागा शोधली. या गाडीत ती नव्हतीच. मग एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला. गाडी बंद पडेनाशी झाली, पण उभ्या जागी नुसती गुरगुरायची. शेवटी शाळेतल्या शिपायानं कळंबच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं घर सांगितलं. त्यांनी गॅरेज केव्हाच बंद केलं होतं.

मिस्त्री ओट्यावर बसले होते. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चोक वढला की बरी चालती का?"

"हो, तेव्हा नीट चालते."

"मंग कुठून तरी फुकटची हवा आत शिरतीय. पेट्रोल कमी पडतंय तिला, चोक वढला की ते वाढतं."

इंजिन चालू ठेवायला सांगून, मडगार्डवर तळहात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मग कार्बोरेटरखालचं, हवा अडवणारं पॅकिंग बदललं. मी "जमलं का?" असं दोनदा विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. फारच तुटक माणूस आहे, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी गाडी होती तशीच. मी चिडूनच परत गेले. मिस्त्री आत जेवत होते. बाहेर आलेल्या त्यांच्या बायकोला मी म्हणाले, "काकांनी नीट ऐकलंच नाही माझं."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना ऐकूच येत न्हाई, बाई. म्हणून तर गॅरेज बंद केलं. इंजिनाचा आवाज ऐकू येईना, अन् गिऱ्हाईकाला सांगायची लाज वाटायची."

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत आले. माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "पॅकिंग न्हाई ना? अंदाज व्हता माझा," ते म्हणाले आणि खाली बघत राहिले.

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, "काका, अजून काय बघायचं?"

"गाडीत दुसरं काई बदललंय का? कायबी सांगा."

मला आठवलं. "ब्रेक जड लागतोय, दोन महिने झाले. मला वाटलं गाडी जुनी झाली म्हणून."

ते हसलेच. "हे आदी सांगायचं व्हतं, राव!"

इंजिनातून ब्रेकच्या डब्याकडे एक जाड रबरी नळी जाते. ब्रेक हलका व्हावा म्हणून इंजिन त्या नळीतून हवा ओढून घेतं. मिस्त्रींनी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली. "नळी कुठं फाटली आसंल तर तिथं पाण्यानं हवा थांबंल. मी पाणी मारतो, तुमी ऐका. आवाज बदलला की हात वर करा."

ते नळीवर इंचाइंचानं पाणी मारत गेले. क्लिपच्या खाली पाणी पडलं आणि बारीक फुसफुस थांबली, इंजिनाची गुरगुर क्षणभर कमी झाली. मी हात वर केला. त्यांनी क्लिप सरकवली. खाली नखाएवढी चीर होती.

नवी नळी बसली, मंचरला पिळलेला स्क्रू पुन्हा सैल केला. मी पाय काढून घेतला, तरी गाडी संथ चालत राहिली. मिस्त्रींनी मडगार्डवर हात ठेवला आणि मान हलवली. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "चहा टाक. बाईंनी शोधली चीर."

"मी कुठे? तुम्हीच," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही. ते खूश होते आणि मला चहा हवा होता.

पुढं घोडेगावातल्या दोन जुन्या जीपवाल्यांना मी त्यांच्याकडे पाठवलं. ते निघताना त्यांना बजावलं, "कानाशी जाऊन मोठ्यानं बोला. अन् ते सांगतील तेव्हा इंजिन तुम्ही ऐका."