लेकीचं बी.एड.

मला वकील व्हायचं होतं. आमच्या थोरल्या दादाने ते एका वाक्यात उडवून लावलं. "मुलीच्या जातीला बी.एड. बरं. नवऱ्याची बदली झाली तरी शाळा कुठेही असतातच." झाशीतल्या आम्हा रेल्वेवाल्या मराठी घरांत तेव्हा तोच शिरस्ता होता. इथल्या सरकारी विद्यापीठात बी.एड.ला जागा मिळावी म्हणून लोक ओळखी काढत फिरायचे. मी मुकाट्याने केलं आणि मास्तरीण झाले.

गेल्या उन्हाळ्यात लेक म्हणाली, "आई, मला बी.एड.च करायचंय. आणि विद्यापीठातूनच." तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला शिकवायला आवडतं, एवढंच. आता तिथली बाकं रिकामी राहतात. कुणी कॉम्प्युटरकडे वळतं, कुणी हजेरी न मागणाऱ्या खासगी कॉलेजात नाव घालतं. तिला ते सगळं ठाऊक होतं.

त्या दिवशी दादा सीपरी बाजारातून जिलबी घेऊन आला होता. लेकीचा बेत ऐकून तो खो खो हसला. "बी.एड.? अब कौन करता है, बेटा? ज्याला काही जमत नाही, तो मास्तर होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे माझ्या गळ्यात बांधलं, तेच पोरीने हौसेने मागितलं तर टाकाऊ? आणि मी तिथेच बसले होते की, इतकी वर्षं खडू झिजवून! माझ्याकडे बघून तरी त्याने जीभ आवरायची.

छे! जिलबी संपवून, हात पुसत तो लेकीला म्हणाला, "उद्या माझ्या नातीला पाठवतो हं. गणिताची परीक्षा आहे. शाळेतलं तिला ओ की ठो कळत नाही, तुझंच कळतं."

"मुळीच पाठवू नकोस!" मी ओरडले. "ज्यांना सगळं जमतं, त्यांच्याकडे पाठव."

लेकीने माझा हात धरला. "मामा, पाठवा तिला. पण आधी सांगून पाठवा, की आत्याला काही जमत नाही, म्हणून ती शिकवते."

दादा चप्पल घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीने विद्यापीठाचा फॉर्म भरला. संध्याकाळी दादाची नात दप्तर घेऊन हजर.

"आजोबांनी काय सांगितलं गं?" मी विचारलं.

"बोले, आत्या जो कहे, चुपचाप सुनना."

मग त्याला स्वतःला काय धाड भरली होती ऐकायला?